टॉटनहॅमचा २०२४-२५ चा हंगाम: मंगळवार पेठेतील पास घेऊन पैसे वसूल झाले का?

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तेथे कॅरमचा क्लब चालत असे. आता इंग्लंडच्या प्रीमिअर लीग या फुटबॉल स्पर्धेचे सामने भिंतीवरच्या पडद्यावर दाखवले जातात. खोलीला नाव नाही, पाटीही नाही. जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर त्या आठवड्याचे सामने आणि आपल्या वेळेनुसार त्यांच्या वेळा खडूने लिहिलेल्या असतात, एवढीच खूण. खोली चालवणाऱ्या गृहस्थांना लहानथोर सगळेच आबा म्हणतात. एका सामन्याला ५० रुपये आणि त्यात एक कप चहा, असा साधा दर असला तरी हंगामाच्या सुरुवातीला एखादा क्लब निवडून त्याच्या लीगमधील सर्व ३८ सामन्यांचा पास १५०० रुपयांना घेता येतो. युरोपीय स्पर्धांचे सामने आपल्याकडे वेगळ्या वाहिनीवर येतात आणि तिचे पैसे वेगळे भरावे लागतात, म्हणून ते पासात धरलेले नाहीत. त्यांचे प्रत्येकी ६० रुपये त्या त्या वेळी द्यावे लागतात. मी २०२४-२५ च्या हंगामासाठी लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबचा पास घेतला होता. हे परीक्षण त्या पासाचे आहे, आणि त्यामुळे खोलीचे जितके आहे तितकेच त्या क्लबचेही आहे.

टॉटनहॅमच का, असे मला त्या वेळी अनेकांनी विचारले. आदल्या हंगामात अँज पोस्टेकोग्लू या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने हा संघ हाती घेतला होता, पहिल्या १० सामन्यांत २६ गुण मिळवून सर्वांना चकित केले होते आणि पुढे घसरण होऊनही संघ ६६ गुणांसह पाचवा आला होता. त्यांचा खेळ पाहायला आवडावा असाच होता: बचावफळी थेट मध्यरेषेपर्यंत पुढे आणायची, चेंडू गेला की तेथेच झडप घालून परत मिळवायचा आणि आघाडीवर असतानाही मागे सरायचे नाही. शिवाय त्या उन्हाळ्यात बोर्नमथकडून डॉमिनिक सोलंकी याला क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठी रक्कम मोजून घेतले होते. सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून हरल्यानंतर पोस्टेकोग्लू यांनी, आपण दुसऱ्या हंगामात नेहमीच काहीतरी जिंकतो, असे जाहीरपणे सांगून टाकले. विक्रेत्याने स्वतःहून दिलेली हमी म्हणूनच मी ते विधान जपून ठेवले.

खोलीच्या सोयींविषयी आधी लिहितो, कारण त्यावर फार शब्द खर्चावे असे काही नाही. प्लॅस्टिकच्या चाळीसेक खुर्च्या आहेत आणि त्यांपैकी डावीकडच्या खांबामागच्या दोन खुर्च्यांवरून उजवा गोलखांब दिसत नाही, त्यामुळे उशिरा येणाऱ्याने तिकडच्या गोलांची कल्पना इतरांच्या आवाजावरून करावी. पडदा स्वच्छ, प्रोजेक्टर चांगला. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चित्र टिकते, पंखे टिकत नाहीत. चहा अतिशय गोड असतो, तो कमी गोड करून मिळत नाही. मध्यंतरात कागदाच्या पुडीत भडंग मिळतो, तो मात्र उत्तम. कांदा आयत्या वेळी चिरून घालतात. माझी खरी तक्रार आहे ती प्रक्षेपणाच्या विलंबाची. ज्या ॲपवरून सामना दाखवला जातो त्याचे चित्र अर्धा मिनिट तरी मागे असते, आणि तेवढ्यात खाली रस्त्यावर मोबाइलवर केवळ गुणफलक पाहणारी मुले ओरडतात. संपूर्ण हंगामात टॉटनहॅमवर गोल होणार हे मला चेंडू मध्यरेषेपाशी असतानाच जिन्यातून कळत असे. जानेवारीपासून आबा खिडक्या लावून घेऊ लागले. थंडीत ते चालून गेले, मार्चमध्ये असह्य झाले.

वेळांचा एक घोळ सांगितलाच पाहिजे. इंग्लंडची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात, म्हणजे आपल्याकडे साडेसातला सुरू होणारा शनिवारचा सामना साडेआठवर जातो. २७ ऑक्टोबरला नेमके हे झाले आणि फळ्यावर जुनीच वेळ राहिली. आम्ही बाराजण तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसलो, आबांनी चहाची दुसरी फेरी फुकट दिली आणि मग क्रिस्टल पॅलेसने आम्हाला १-० असे हरवले. पॅलेसचा तो त्या हंगामातील लीगमधला पहिला विजय होता. दोनच आठवड्यांनी इप्सविचनेही आपला हंगामातील पहिला विजय टॉटनहॅमच्याच मैदानावर येऊन मिळवला. ज्यांना कोठेच जिंकता येत नव्हते त्यांना जिंकू देणारा संघ आपण पासावर घेतला आहे, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते.

पण ते आले नाही, आणि त्याचे कारण हा संघ अधूनमधून देत असलेली मेजवानी हे होते. २९ सप्टेंबरला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तिसऱ्याच मिनिटाला मिकी व्हॅन डे व्हेन या बचावपटूने आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन धाव सुरू केली. एकामागून एक लाल सदरे मागे पडत गेले, गोलरेषेजवळून त्याने चेंडू आडवा सरकवला आणि ब्रेनन जॉन्सनने तो फक्त ढकलला. सामना ३-० असा जिंकला गेला. २३ नोव्हेंबरच्या रात्री ११ वाजता मँचेस्टर सिटीच्या मैदानावरचा सामना होता; स्वतःच्या मैदानावर सलग ५२ सामने न हरलेल्या सिटीला टॉटनहॅमने ४-० असे धुऊन काढले आणि जेम्स मॅडिसनने आपल्या वाढदिवशी दोन गोल केले. त्या रात्री खोलीत सिटीचे पासधारक आमच्यापेक्षा दुपटीने होते. सामना संपल्यावर त्यांतील एकाने मला उरलेला भडंग देऊ केला, यावरून काय ते समजावे.

आमच्यात साठी उलटलेले एक गृहस्थ नियमाने येत असत. तरुणपणी ते तालमीच्या फुटबॉल संघातून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलेले. आबा इंग्रजी समालोचनाचा आवाज बंद करत आणि हे गृहस्थ पहिल्या रांगेतून आपले समालोचन करत. ही या खोलीतील सर्वांत मोलाची सेवा असून तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ब्रायटनविरुद्ध मध्यंतराला टॉटनहॅम २-० ने पुढे होते आणि आम्ही निश्चिंतपणे पुड्या सोडत होतो, तेव्हा ते म्हणाले होते, “बॅक लई वर आल्यात. मागं मोकळं रान हाय.” मध्यंतरानंतर अवघ्या वीस-एक मिनिटांत ब्रायटनने त्या मोकळ्या रानातून तीन गोल केले आणि सामना ३-२ असा गेला. या संघाचा सगळा हंगाम त्यांच्या त्या दोन वाक्यांत होता. बचावफळी इतकी पुढे उभी करायची, तर मागे पडलेला चेंडू धावून गाठणारा वेगवान माणूस हवा आणि तो माणूस म्हणजे व्हॅन डे व्हेन. त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला, त्याचा बचावातला जोडीदार क्रिस्टियन रोमेरो दुखापतीने बाहेर गेला आणि गोलरक्षक गुग्लिएल्मो व्हिकारिओ तर त्या सिटीच्याच सामन्यात घोटा मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळून पुढचे कित्येक आठवडे गमावून बसला. मग मधल्या फळीतल्या अठरा वर्षांच्या आर्ची ग्रेला मध्यवर्ती बचावपटू म्हणून उभे करण्यात आले. मुलगा धीटपणे खेळला. पण माणसे बदलली तरी बचावाची रेषा मागे आली नाही, हे माझ्या मते प्रशिक्षकाचे न पटणारे धोरण होते. आपल्याकडे तालमीच्या संघाचा वस्तादसुद्धा हुकमी स्टॉपर नसेल तर चार पावले मागे राहायला सांगतो.

८ डिसेंबरचा चेल्सीविरुद्धचा सामना या पासातील सर्वांत विलक्षण वस्तू होती. चेल्सीचा मार्क कुकुरेया दोनदा पाय घसरून पडला आणि दोन्ही वेळा टॉटनहॅमने गोल केला. ११ मिनिटांत २-०. त्याने बाजूला जाऊन बूट बदलले. आमच्या स्टॉपर गृहस्थांनी तेवढ्यात सांगून टाकले की आता हा पडणार नाही आणि आता आपण पडणार. चेल्सीच्या कोल पामरने दोन पेनल्टी मारल्या, दुसरी तर चेंडू हलकेच मधोमध उचलून, आणि सामना ४-३ असा चेल्सीकडे गेला. एका आठवड्याने साउदॅम्प्टनमध्ये मध्यंतरालाच ५-० अशी आघाडी घेऊन टॉटनहॅमने सामना तेथेच संपवला, त्या रात्री साउदॅम्प्टनने आपला प्रशिक्षक काढून टाकला. आणि त्याच्या पुढच्या रविवारी लिव्हरपूलने लंडनमध्ये येऊन सहा गोल चढवले, आमचे तीन झाले. तीन सामन्यांत एकवीस गोल. ज्याला गोल पाहायचे आहेत त्याला यापेक्षा स्वस्त पास जगात कोठे मिळाला नसता.

हिशेबच मांडायचा तर टॉटनहॅमच्या ३८ सामन्यांत ६४ गोल त्यांनी केले आणि ६५ त्यांच्यावर झाले, म्हणजे १५०० रुपयांत १२९ गोल, दर गोलामागे साधारण १२ रुपये. विजय ११, म्हणजे एका विजयामागे १३६ रुपये. हा भाव मात्र परवडणारा नाही. बरोबरी ५ आणि पराभव २२. उणे-अधिक केल्यावर फरक केवळ एका गोलाचा, आणि तरीही वीस संघांत क्रमांक सतरावा, गुण ३८. १९७७ साली हा क्लब वरच्या श्रेणीतून खाली गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. तळाला राहून खालच्या श्रेणीत गेलेल्या तिघांपैकी लेस्टरचे २५, इप्सविचचे २२ आणि साउदॅम्प्टनचे १२ गुण झाले, इतके ते दुबळे ठरले म्हणून आमची श्रेणी वाचली. एरवीच्या वर्षी ३८ गुणांवर शेवटच्या आठवड्यापर्यंत जीव टांगणीला लागतो. फेब्रुवारीत इप्सविचला ४-१ असे हरवल्यानंतरच्या १२ लीग सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही तळातल्या साउदॅम्प्टनवर. त्या शेवटच्या तीन महिन्यांत मी पासधारक म्हणून जवळजवळ रिकाम्या खोलीत बसत असे. २७ एप्रिल तेवढा अपवाद. त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण समोरच्या लिव्हरपूलला विजेतेपदासाठी एक गुण हवा होता. सोलंकीने आधी गोल केला तेव्हा टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो. नंतर पाच गोल झाले आणि पेठेत फटाके वाजले, ते अर्थातच आमच्यासाठी नव्हते.

या काळात प्रशिक्षकाने लीग जवळपास सोडून दिली आणि सगळा भार युरोपा लीग या युरोपातील दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेवर टाकला. अल्कमार, फ्रँकफर्ट, नॉर्वेतील बोडो-ग्लिम्ट यांना एकेक करून बाजूला सारत संघ अंतिम फेरीत पोहोचला, आणि हे सगळे पासाबाहेर, साठ-साठ रुपयांत. स्पेनमधील बिल्बाओ येथील अंतिम सामना आपल्याकडे २१ मेच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, वीज गेलेली होती आणि इन्व्हर्टरवर फक्त पडदा चालू होता. समोर मँचेस्टर युनायटेड, जे लीगमध्ये आमच्याहून एकच पायरी वर होते. त्याच युनायटेडला या हंगामात टॉटनहॅमने आधी तीनदा हरवलेले. ४२ व्या मिनिटाला आमच्या पाप सारने चेंडू आत टाकला, तो युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला आणि जॉन्सनच्या पायाचा ओझरता स्पर्श होऊन रेषेपलीकडे गेला. गोल देखणा नव्हता. खालची मुले आधी ओरडली होती, पण त्या ओरडण्यावरून गोल कोणाचा हे कळत नव्हते, आणि तो अर्धा मिनिट मी जसा बसलो तसा पूर्ण हंगामात बसलो नव्हतो.

त्यानंतर जे झाले ते आमच्या स्टॉपर गृहस्थांना मनापासून आवडले. दोन वर्षे आडमुठेपणाने पुढे उभी राहिलेली ती रेषा त्या रात्री मागे आली. सगळा संघ आपल्या गोलासमोर दाटून उभा राहिला, चेंडू युनायटेडला देऊन टाकला आणि मिळेल तो चेंडू लांब मारून दिला. दुसऱ्या अर्धात व्हिकारिओच्या हातून चेंडू निसटला, युनायटेडच्या होयलुंडने डोक्याने तो रिकाम्या गोलाकडे वळवला आणि व्हॅन डे व्हेनने पाठीवर झेपावत, पाय डोक्याच्या वर नेऊन तो रेषेवरून परत काढला. गृहस्थ खुर्चीतून उठले, पडद्यापाशी गेले आणि चेंडू जेथून काढला त्या जागी बोट ठेवून आम्हा सगळ्यांना दाखवले. सामना १-० असा संपला. २००८ नंतरचा पहिला चषक, १९८४ नंतरचा पहिला युरोपीय चषक; दहा हंगाम एकही चषक न पाहिलेला कर्णधार सोन ह्युंग-मिन कोरियाचा झेंडा घेऊन रडत होता. रात्री अडीचच्या पुढे आबांनी चहा केला आणि साखर त्याही वेळी कमी केली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या रात्री मी आबांना म्हणालो की ज्याचे १५०० रुपये घेतले ते सतरावे आले आणि ज्याचे ६० घेतले तो चषक निघाला, तेव्हा पासाचे काही पैसे परत मिळावेत. त्यावर ते म्हणाले, “लीगमध्ये कितवे आले ते पोरं दोन वर्षांत विसरत्यात. कप कुणी मारला ते म्हातारी होईपर्यंत सांगत्यात.” कोल्हापूरच्या दृष्टीने हे खरे आहे. आपल्याकडे केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल लीग संपली की शाहू स्टेडियमवर निरनिराळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा सुरू होतात आणि पेठांच्या आठवणीत राहतात ते चषक; कोणत्या तालमीने कोणाला पेनल्टीवर घालवले हे तीस वर्षांनंतरही मिनिटासह सांगणारे लोक मिळतील, त्या वर्षीची लीगची क्रमवारी विचारली तर मात्र गप्प बसतील. तरीही मला हे मान्य नाही. चषकाची रात्र एकच असते. लीग म्हणजे आठ-नऊ महिने दर आठवड्याला जिना चढून येणे, आणि त्या येण्याचे जे मोल असते ते या क्लबने ठेवले नाही. २५ मेला, बिल्बाओनंतर चारच दिवसांनी, लीगचा शेवटचा सामना होता. स्वतःच्या मैदानावर, चषक मिरवून झाल्यावर, ब्रायटनकडून १-४. खोलीत आम्ही चौघे होतो. आबांनी भडंग केलाच नव्हता.

क्लबलाही तसेच वाटले असावे, कारण ६ जूनला, नेमणुकीला बरोबर दोन वर्षे झाली त्याच दिवशी, पोस्टेकोग्लू यांना काढण्यात आले. हमी अक्षरशः पाळणाऱ्या माणसाला घरी पाठवणे निष्ठुर आहे, पण २२ पराभव पाहिलेला पासधारक म्हणून मी त्या निर्णयाला अन्याय म्हणणार नाही. त्यांच्या जागी जून २०२५ मध्ये ब्रेंटफर्डचे थॉमस फ्रँक आले आणि युरोपा जिंकल्यामुळे सतराव्या क्रमांकाचा हा संघ २०२५-२६ च्या हंगामात चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेसाठी पात्र ठरला.

खोलीला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण विलंबाचा आणि खांबाचा कापला आहे. नव्या माणसाने पास घ्यावा, पण अर्धा तास आधी येऊन उजवीकडे बसावे, आणि रात्री साडेबारा किंवा दीडच्या सामन्यांना येताना दुचाकी गल्लीच्या तोंडाशीच लावावी, कारण आत वळायला जागा नाही. २०२५-२६ च्या हंगामाची नावनोंदणी जुलैअखेरपर्यंत होती. मी त्या वेळी जाऊन टॉटनहॅमचा फक्त युरोपचा पास मिळेल का, असे विचारले. आबांनी वही उघडली, माझे जुने पान काढले आणि वर न बघता म्हणाले, “तसं मिळत न्हाई. आधी लीगचं भरा, मग युरोपचं बघू.” मी १५०० रुपये मोजून दिले.